सिद्धेशची गुळणी

“अप्पा, यात आणखी लिहायचं तरी काय राहिलंय?”

सिद्धेशनं सूचनांचा कागद अप्पांच्या पुढ्यात ठेवला. ठेवला कसला, आपटलाच.

अप्पा म्हणजे मठाचे स्वामी. अंगावर भगवं चढण्याआधी पुण्यात कॉम्प्युटरवर पोट भरणारा माणूस. मठात आल्यावरही हात शिवशिवायचे, म्हणून त्यांनी वेबसाइटचा एक साचा करून ठेवला होता. ज्याला आपली विद्या चार लोकांसाठी लिहून ठेवायची असेल त्यानं साचा न्यावा, त्यात आपला मजकूर भरावा, की झाली वेबसाइट. साचा अप्पांचा, आणि तो मांडायचा कसा याच्या सूचना त्यांच्या शिष्याच्या, सिद्धेशच्या. त्या सूचनांचा त्याला भारी तोरा. पोरगा गुणी होता हो, नाही असं नाही. पण गुणी माणसाला सांगायला कुणी जात नाही, तिथंच घोटाळा होतो.

त्याच सूचना घेऊन मेहरुन्निसा सकाळपासून अडकून बसली होती. मिरजेकडची बाई. तिचे अब्बा तंबोऱ्याची जवारी काढायचे. म्हणजे तारेखालची घोडी कानसेनं अशी घासायची, की तार छेडल्यावर सूर फुलून यावा. सगळं काम कानावर. जन्मभर त्यांनी तेच केलं, आणि आता म्हातारपणी ते एकेक गोष्ट विसरत चालले होते. परवा हातातली कानस उलटीपालटी करत त्यांनी लेकीला विचारलं होतं, ही कशाला असते गं? त्यांना आठवतंय तोवर सगळं लिहून घ्यायचं, एवढ्यासाठी ती मठात आली होती.

आणि आता ती पिशवी भरत होती. हे काही आपल्या डोक्यात शिरायचं नाही, दुपारच्या एसटीनं परत जाते, असं तिनं सिद्धेशला सांगून टाकलं होतं.

सिद्धेशचं म्हणणं, कागदावर सगळं आहे. बाई नीट वाचत नाहीत, त्याला मी काय करू?

अप्पांनी कागद वाचला. घडी घालून परत दिला.

“आपल्या स्वयंपाकघरात नव्या माणसाला भाकरी कशी शिकवतात रे?”

सिद्धेश चपापला. मठातली ही चाल सगळ्यांना ठाऊक होती. शिकवणाऱ्यानं तोंडात पाणी धरून शेजारी बसायचं. भाकरी मोडो नाहीतर करपो, बोलायचं नाही.

“पण अप्पा, ही काय भाकरी आहे?”

अप्पांनी तांब्या पुढे केला...

झालं. तोंडात गुळणी धरून सिद्धेश मेहरुन्निसाच्या शेजारी जाऊन बसला. अप्पांनी तिला एवढंच विनवलं, की ताई, जायच्या आधी एकदा पहिल्यापासून करून दाखवा. स्वामींना नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं.

तिनं कॉम्प्युटरवर साचा उतरवून घेतला. कमांड द्यायची काळी खिडकी उघडली. मग कागदावर बोट ठेवून ती पुढची ओळ पुटपुटत वाचू लागली. ‘आता फक्त ही कमांड द्या.’ एकेक अक्षर तिनं जपून टाइप केलं, कागदाशी ताडून पाहिलं, मग बटण दाबलं.

फाइल सापडली नाही, असं उत्तर आलं.

तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच.

सिद्धेशला लगेच कळलं. आधी साच्याच्या फोल्डरमध्ये जायला हवं होतं, बाई भलतीकडूनच कमांड देत होत्या. एवढंही कळू नये माणसाला? त्यानं ती ओळ दाखवायला कागदाकडे पाहिलं. वर पाहिलं, खाली पाहिलं...

ती ओळ नव्हतीच.

त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर काळी खिडकी थेट त्या फोल्डरमध्येच उघडायची. तशी सोय त्यानं कधीकाळी करून घेतली होती आणि साफ विसरून गेला होता. सांगायला जावं तर तोंडात पाणी, आणि दारात अप्पा.

मेहरुन्निसानं कीबोर्डवरचा हात काढून घेतला.

“माफ करा हं, दादा,” ती हळूच म्हणाली. “इथं ‘फक्त’ लिहिलंय. म्हणजे सोपंच असणार. माझंच चुकतंय.”

आणि तिनं ओढणीनं डोळे पुसले.

सिद्धेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं पाणी गिळलं. पेन घेतलं, ‘फक्त’ खोडून टाकलं, वर राहिलेली ओळ लिहिली आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

“ताई, तुमचं काही चुकलं नाही. मीच लिहायचं विसरलो होतो.”

तिनं वाचलं, तसं केलं. पान उघडलं. ‘इथे तुमच्या विद्येचं नाव लिहा.’ तिनं लिहिलं, ‘अब्बांची जवारी’. आणि आपण रडत होतो हे विसरून हसायला लागली.

एसटी गेली, तिला पत्ताही नव्हता. तिनं घरी फोन लावला होता. जवारी काढायला बसलात की पहिलं काय करता, असं विचारलं. कानस घेतो, अब्बा म्हणाले. तिनं ते टाइप केलं. मग थांबली. खाडाखोड झालेला तो कागद शेजारीच होता.

“आणि कानस घ्यायच्या आधी, अब्बा?”

“आधी होय? आधी तंबोरा मांडीवर घेऊन नुसता ऐकतो की. हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं, बेटा.”

सिद्धेश उठून बाहेर आला. अप्पा ओसरीवर बसले होते. तो त्यांच्या पायाशी बसला. मघाचा तोरा उतरला होता, पण मनात एक सल राहिला होता.

“अप्पा, सकाळी कागद वाचलात तेव्हाच तुम्हाला दिसलं असणार, ओळ राहिलीय ते. तेव्हाच सांगायचं. त्या बाईला कशाला रडू दिलंत?”

अप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“मला कसं दिसणार, बाळा? मला येतं ना.”