माळावरची काठी

“…पण ती बघतच नाही कशाकडे, बाबा! डोळे उघडे असतात आणि बघत नाही. असं कसं होतं?”

चांदबाबा फकीर सुपातल्या तांदळातले खडे वेचत होते. त्यांनी एक खडा उचलला, उन्हाकडे धरला आणि बाजूला टाकला.

“कोण बघत न्हाई?”

“तृणा. माझी मुलगी. मघापासून तिचंच तर सांगतोय.”

“मघापासनं तू तुझंच सांगतोयस. तिचं आत्ता कुठं सुरू झालं.”

हेरंबनं कपाळावरचा घाम पुसला.

टेकडीवर पिराची कबर होती, शेजारी बाबांचा तकिया, म्हणजे एक पत्र्याची खोली आणि पुढे सारवलेलं अंगण. खाली नजर पोचेल तिथवर मुरमाड माळ पसरलेला. हेरंबचं घर माळाच्या त्या टोकाला होतं. दर गुरुवारी तो टेकडी चढून यायचा. दर्शनाला नव्हे, वाद घालायला. बाबा शाळेत गेले नव्हते, याचं त्यालाच फार कौतुक. “तुम्ही माझ्याच पंथाचे,” असं तो म्हणायचा आणि बाबा हसून चहा ठेवायचे.

आज चहा ठेवला नव्हता.

पोरगी अंगणाच्या कडेला बसली होती. कबरीच्या चुन्याच्या भिंतीकडे तोंड आणि सगळ्या माळाकडे पाठ करून.

हेरंबनं शहरातली चांगली नोकरी सोडली ती या पोरीसाठी. तिला शाळेची पायरी चढू द्यायची नाही, असा त्याचा पण. शाळा म्हणजे कोंडवाडा, असं तो चारचौघांत ठणकावून सांगे. मुलीनं झाडाखाली शिकावं, ओढ्यात शिकावं, मुंग्यांच्या मागे रांगत शिकावं. ती त्याला ‘हेरंब’ अशी नावानंच हाक मारी. तेही त्याच्या पद्धतीत बसत होतं. शहरातून माणसं हे घर बघायला यायची आणि हा त्यांच्यापुढे पोरीचं कौतुक करायचा. पोरीच्या आडून स्वतःचंही.

पद्धत चांगलीच होती. फक्त तिला सुट्टी नव्हती.

पाऊस आला की मोजपात्र. मुंगी दिसली की भिंग. रात्री ताटावर बसलं की ठरलेला प्रश्न, “आज काय नवं पाहिलंस?” घरचं कुत्रं मेलं तेव्हा पोरगी रडत होती, आणि हा तिला मातीत गेल्यावर शरीराचं काय काय होतं ते समजावत होता. मन लावून, प्रेमानं समजावत होता. त्याच्या प्रेमाबद्दल कुणी शंका घेऊ नये. अति तिथे माती म्हणतात ती काही द्वेषाची नसते.

“कधीपासनं असं?” बाबांनी विचारलं.

“उन्हाळ्यापासून. टिटवीची अंडी गेली तेव्हापासून.”

“कशी गेली?”

हेरंबनं पोरीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“रोज रात्री विचारायचो, काय पाहिलंस? म्हणायची, काही नाही. रोज तेच. मला काळजी वाटायला लागली. दिवसभर माळावर असते आणि काहीच कसं पाहत नाही? म्हणून एकदा तिच्या मागोमाग गेलो. लांबून, दुर्बीण घेऊन.”

“पोरीवर दुर्बीण लावलीस?”

“काळजीपोटी, बाबा.”

“बरं.”

“माळावर पालथी पडली होती. हनुवटी हातावर टेकून. समोर थोड्या अंतरावर टिटवी, अंड्यांवर बसलेली. एरवी माणूस दिसलं की टिटवी ओरडून रान डोक्यावर घेते. हिला ओरडत नव्हती! कितीतरी दिवस अशीच जात असणार ती, सरावली होती टिटवी. मला इतका आनंद झाला… धावत गेलो. तिला उचललं, म्हटलं, अगं वेडे, एवढं मोठं निरीक्षण लपवून ठेवलंस?”

“टिटवी?”

“उडाली. आली परत नंतर. मग आम्ही रोज बरोबर जायला लागलो. मी तिला सगळं सांगितलं, अंडी खड्यांसारखी का दिसतात, उन्हात ती पोट भिजवून का येते…”

“पोरगी काय म्हणायची?”

“काही नाही. मी काठी रोवली तेव्हा फक्त म्हणाली, ‘हेरंब, नको.’”

बाबांचा हात सुपात थांबला.

“कसली काठी?”

“खुणेची. घरट्याशेजारी. लाल चिंधी बांधून.”

“कशापायी?”

“सापडावं म्हणून. अंडी खड्यांत मिसळून जातात, बाबा. रोज शोधण्यात वेळ जातो.”

“तिला सापडत न्हवती?”

“तिला… तिला डोळे मिटूनही सापडली असती.”

“मग काठी कुणापायी?”

हेरंबला ती चिंधी आठवली. बायकोच्या, वैजयंतीच्या, जुन्या परकराची चिंधी होती ती, तिनंच फाडून दिलेली.

“त्या माळावर झाड न्हाई,” बाबा हळूच म्हणाले. “झुडूप न्हाई. कावळ्याला बुड टेकाया जागा न्हाई…”

“माहीत आहे मला!” हेरंब ओरडलाच. “मी स्वतः पाहिलं. कावळा काठीवर बसला होता. खाली टरफलं होती. टिटवी वरून घिरट्या घालत होती, ओरडत होती… माहीत आहे, बाबा. रोज झोपताना तेवढंच माहीत असतं मला.”

भिंतीकडे बसलेली पोरगी हललीसुद्धा नाही.

बाबांनी विचारलं, “मग तिला काय म्हणलास?”

“मी…”

“म्हणला असशीलच काहीतरी.”

“मी म्हटलं, निसर्गात असंच असतं. म्हटलं, कावळ्यालाही पिल्लं असतात, त्यालाही पोट आहे. कोण कुणाला खातं, त्याची साखळी कशी असते… मातीत रेघा ओढून दाखवलं.”

“टरफलापाशी बसून?”

“हो.”

बाबांनी सूप खाली ठेवलं.

“त्या दिवसापासून ती घराबाहेर पडत नाही. खिडकी लावून घेते. विचारलं तर हो, नाही, एवढंच. पूर्वी प्रश्न विचारून भंडावून सोडायची. आता एक प्रश्न नाही तिच्या तोंडी, बाबा, एकसुद्धा नाही. माझ्या डोळ्यांदेखत विझत चाललंय पोर. वैजयंती म्हणाली, आज बाबांकडे घेऊन जा. तशीच परत आली, तर उद्या मी तिला घेऊन बहिणीकडे निघाले. कायमची. म्हणाली, मग तू बस माळावर एकटा आणि शिक काय शिकायचं ते.”

“बरोबर बोलली.”

“तुम्हीसुद्धा?”

बाबा माळाकडे बघत होते. खाली कुठेतरी टिटवी ओरडली.

“टिटवी पाय वर करून निजती म्हणत्यात,” ते म्हणाले. “आभाळ पडलं तर झेलाया. केवढुसं पाखरू, आन केवढा घोर…”

“ती अंधश्रद्धा आहे, बाबा. टिटवी इतर पक्ष्यांसारखीच…”

हेरंबनं जीभ चावली.

फार उशीर झाला होता. जित्याची खोड, दुसरं काय. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. त्यांच्या नजरेत राग असता तर हेरंबला बरं वाटलं असतं. रागाशी वाद घालता येतो.

“घागर घे,” बाबा म्हणाले. “खालच्या आडावरनं पाणी आण.”

“आत्ता?”

“तांदूळ धुवायचं हायेत.”

हेरंब घागर घेऊन उतरू लागला. वाट घसरड्या मुरमाची होती. अर्ध्यावर एका दगडावर घोरपड ऊन खात पडलेली दिसली, चांगली दांडगी, आणि तो मागे वळून सवयीनं म्हणाला, “तृणा, बघ, ही…”

मागे कुणी नव्हतं.

तिथेच तो मटकन खाली बसला आणि रडला. बाप्या माणूस, रिकामी घागर मांडीवर घेऊन, उघड्या टेकडीवर रडत होता. आपण या पोरीला सगळं जग दाखवायला निघालो आणि तिच्याजवळचं होतं नव्हतं तेही घालवून बसलो, हे त्याला कळत होतं. कळून काय उपयोग, हेही कळत होतं. काठी उपटून फेकता आली. पुढचं काही उपटता येत नव्हतं.

मग उठून त्यानं पाणी भरलं. पाणी तर न्यायलाच हवं होतं.

वर येताना खांद्यावरची घागर सांभाळत तो शेवटचा चढ चढला आणि जागच्या जागी थबकला.

पोरगी भिंतीपाशी नव्हती.

अंगणाच्या टोकाला, जिथे खडक सुरू होतो, तिथे ती पालथी पडली होती. हनुवटी हातावर टेकलेली. खडकाच्या फटीत काहीतरी होतं आणि ती त्याच्याकडे बघत होती. शेजारी म्हातारे चांदबाबा, गुडघे दुखत असतानाही तसेच पालथे पडलेले, दाढी धुळीत. दोघंही बोलत नव्हते. पोरीचा एक पाय वर उचललेला होता आणि हवेत हळूहळू हलत होता, लहानपणी हलायचा तसा.

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. हेरंबनं ते उन्हाळ्यापासून पाहिलं नव्हतं.

शहाणा माणूस तिथेच घागर ठेवून आल्या पावली मागे फिरला असता आणि आडाच्या काठावर अंधार पडेपर्यंत बसून राहिला असता. हेरंबलाही ते सुचलं. खरंच सुचलं. त्यानं दात आवळून धरले. पण छाती आनंदानं इतकी भरून आली होती की शब्द त्याच्याही आधी बाहेर पडला.

“काय गं आहे तिथे?”

हलणारा पाय थांबला.

“पाल आहे का? की विंचू? बघू, फटीत ओल असेल तर…”

तृणा उठली. गुडघ्यावरची माती झाडली. त्याच्याकडे तोंड करून सरळ उभी राहिली, हात मागे बांधून, मान खाली घालून. गावातली पोरं देवळाच्या ओट्यावर शाळा-शाळा खेळायची, ती अशीच उभी राहायची. तिथूनच तिनं हे उचललं असणार.

“काही नाही, सर,” ती म्हणाली.

चेष्टा नव्हती. रागही नव्हता. होता तो नुसता अदबीचा स्वर, लवकर सुटका व्हावी म्हणून माणसं लावतात तसा.

मग ती पुन्हा भिंतीपाशी जाऊन बसली. माळाकडे पाठ करून.

घागरीतलं पाणी हेरंबच्या पाठीवरून ओघळत होतं. त्याला ते कळलं नाही. बाबा हात टेकत, कण्हत उठले आणि त्यांनीच ती घागर त्याच्या खांद्यावरून उतरवून घेतली.

“काय होतं फटीत?” हेरंबनं विचारलं.

“ठावं न्हाई.”

“तुम्ही बघत होतात की!”

“मी तिच्याकडं बघत हुतो.”

हेरंब खाली बसला. डोकं गुडघ्यांत घातलं. बाबांनी तांदूळ पाण्यात टाकले, हातानं चोळले, पांढरं पाणी मातीवर ओतलं… पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा ओतलं.

“ती उद्या जाईल, बाबा,” हेरंब म्हणाला. “वैजयंती घेऊन जाईल. पोर परत माझ्याकडे कधीच वळून बघणार नाही. मी काय करू? तुम्ही सांगाल ते करतो. माळ सोडतो. बोलणं सोडतो. घर सोडून जाऊ का? सांगा ना. काय करू मी?”

“शाळंत घाल तिला.”

हेरंबनं मान वर केली. आपण नीट ऐकलं की नाही, हेच त्याला समजेना. ज्यानं जन्मात शाळा पाहिली नाही, तो उघड्या आभाळाखालचा फकीर…

“शाळेत? चार भिंतींत? बाबा, तुम्ही सांगताय हे? काय आहे काय तिथे?”

बाबांनी धुतलेले तांदूळ पातेल्यात घेतले. चुलीकडे निघाले. दारात क्षणभर थांबले, भिंतीकडे तोंड करून बसलेल्या पोरीकडे पाहिलं…

“तिथं मास्तर दुसरा असतो.”