पिवळा हात

"मग शिकवलेलं पुसायचं कसं, तेवढं सांगा आक्का."

म्हाकू कोळेकर टेकडीवरच्या देवळाच्या पायऱ्यांवर उभा होता. हातात दोरी. दोरीला तिळी, त्याची तरणी कुत्री, अंगभर तिळाएवढे ठिपके असलेली.

वरच्या पायरीवर ठकूआक्का बसली होती. खंडोबाची मुरळी. देवापुढं गाता गाता दात पडले, आवाज गेला, पण टेकडी काही सुटली नाही. सुपात हळकुंडं घेऊन निवडत होती. देवाच्या भंडाऱ्याला लागतात.

तिनं मान वर केली नाही.

"काय शिकवलेलं?"

"भरवसा."

"कुणाला शिकवलास?"

"असं काय इचारताय? भुऱ्याला. आन् त्याच्या मागनं हिला."

"भुऱ्या कुठाय?"

म्हाकूनं दोरीचा आणखी एक वेढा मनगटाला दिला.

"इष घातलं तेला. गाडला. मेंढरं बसत्यात तिथं, बाभळीखाली."

आक्काचे हात सुपातच थांबले.

...

धनगराचं कुत्रं वाढतं ते कोकरांच्यात. कोकराच्या अंगाला अंग लावून झोपतं, पोरांच्या हातचा तुकडा खातं, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात लुडबुडतं. मग त्याला आपलं कोण आणि परकं कोण हे न सांगता कळतं. म्हाकूच्या बापानं असंच केलं, आज्यानं असंच केलं.

म्हाकूला मात्र जास्तीची अक्कल सुचली.

मेंढरं चोरीला जायला लागली होती. त्याला वाटलं, कुत्रं कसं निखाऱ्यासारखं पाहिजे. मग त्यानं भुऱ्याला एवढंसं पिल्लू असतानाच कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली कोंडलं. उजेड नाही, माणूस नाही, कोकरू नाही. भाकरीत मिरचीचा ठेचा.

भुऱ्या निखारा झाला. कुणाचाच राहिला नाही, म्हाकूचासुद्धा. ताटली काठीनं पुढं सारावी लागायची. आणि हा बाबा बाजारात मिशीवर हात फिरवून सांगायचा, "आपलं कुत्रं आपल्यालाबी सोडत न्हाई!"

आता ह्यात मिरवण्यासारखं काय होतं? पण मिरवायचा.

मग एक दिवस दोरी तुटली. बाजारात हमाली करणारा शिदू वाटेनं चालला होता. भुऱ्यानं त्याची पोटरी फाडली. जखम भरली, पण पायातली ताकद परत आली नाही. ज्या पायाच्या बळावर शिदू पोती चढवायचा, तो पाय घेऊन शिदू घरी बसला.

गाव म्हणालं, कुत्र्याच्या डोक्यात पहार घाला.

तेव्हा म्हाकू पहिल्यांदा ही टेकडी चढला. इथली झाडून सगळी भटकी कुत्री आक्काच्या भोवती पडलेली असायची आणि एकही कुणावर गुरगुरायचं नाही, हे त्यानं पाहिलं होतं.

आक्का त्या वेळी एवढंच म्हणाली होती, "पाठ कर त्याच्याकडं."

"पाठ? आन् चावला मग?"

"त्यालाबी तुझं तेच भ्या हाय."

म्हाकू हसला होता. पण दुसरा रस्ता नव्हता. भुऱ्याच्या दोरीच्या टोकापाशी तो पाठ करून बसायला लागला. मिरची बंद. भाकरीचा तुकडा बाजूला मातीवर. डोळ्यात बघायचं नाही, हाक मारायची नाही, हात पुढं करायचा नाही. पहिले कितीतरी दिवस म्हाकूच्या मानेवरचा केस न् केस उभा असायचा. मागं गुरगुर चालूच.

मग गुरगुर थांबली.

आणि एका सकाळी सदऱ्याच्या मागं काहीतरी ओलं टेकलं. भुऱ्याचं नाक. म्हाकू हलला नाही.

पुढचं शिक्षण टेकडीवर. आक्का म्हणाली, दर ऐतवारी आण. खंडोबाचा वार, माणसांची ये-जा. एकेकानं देवाचा भंडारा हाताला लावायचा आणि त्या पिवळ्या हातानं तुकडा द्यायचा. हात उघडा, हनुवटीच्या खालून, डोक्यावरून कधीच नाही. आधी एक माणूस. मग चार. मग बायका, पोरं. मग हलगीचा आवाज. भुऱ्या घाबरला की मागं न्यायचं, रागवायचं नाही.

भुऱ्या शिकला. पिवळा हात मारत नाही, पिवळा हात कोंडत नाही. हळदीचा वास आला की शेपूट हलायला लागायचं. तिळी तेव्हा पिल्लू होती. ती त्याचं बघून बघून शिकली.

शेवटी आक्का म्हणाली होती, "ज्याला चावला, त्याच्या हातचं खाऊ दे. मग पुरं झालं."

म्हाकूनं शिदूच्या दारात जाऊन गळ घातली. ये बाबा एकदा, बघ तरी, देवाच्या पुढ्यात हाय. शिदू आला. एकेका पायरीला थांबत, पाय ओढत आला. त्यानं हाताला भंडारा लावला, तुकडा धरला. भुऱ्यानं तुकडा खाल्ला आणि शिदूचा हात चाटून काढला. लोकांनी येळकोट केला. म्हाकूची छाती अशी फुगली, की त्या दिवशी शिदू टेकडी उतरून घरी कसा गेला, ते त्याला ठाऊक नाही.

...

"इष कुणी घातलं?" आक्कानं विचारलं.

"शिदूनं."

"बघितलंस?"

"बघायचं काय त्यात? मी आन् तिळी मेंढरांमागं होतो. आलो तर भुऱ्या आडवा. तोंडाला फेस." म्हाकूनं स्वतःच्याच नाकातोंडावरनं हात फिरवला. "आन् फेसात भंडारा, आक्का. नाकाला, मिशांना, समदं पिवळं. तेनं हात माखून आणला. भुऱ्या पुढं झाला आसंल हो... शेपूट हालवत."

वारं सुटलं होतं. सुपातली हळदीची भुकटी थोडी उडाली.

"मी गेलो तेच्या दारात. म्हटलं, शिद्या, का केलंस? कुत्रं सुधारलं हुतं. तर बसल्या जागेवरनं उठला न्हाई. म्हंतो, कुत्रं सुधारलं, माझा पाय सुधारला का?"

आक्का पुन्हा हळकुंडं निवडायला लागली.

"मी तेला सोडणार न्हाई."

"बरं."

"बरं काय, आक्का?"

"भुऱ्यापाशी बसलास तसा शिदूपाशी कवा बसलास?"

म्हाकू मनगटावरचा दोरीचा वेढा फिरवायला लागला.

"त्याच्या पायाला हात लावून बघितलास एकदा तरी? का नुस्ता तुकडा द्यायला बोलावलास?"

"तुम्हीच म्हणालात, बोलाव!"

"व्हय. मीच म्हणाले." आक्कानं सूप बाजूला ठेवलं. "तिथं मीबी चुकले."

म्हाकूला हे अपेक्षित नव्हतं. तो भांडायला आला होता, आणि समोरच्यानं लाठीच खाली टाकली होती. मग त्याचा राग आणखी वाढला.

"तुमचं ऐकलं म्हणून मेला तो. मिरचीवर होता तवर जित्ता होता!"

"डालग्याखाली?"

"जित्ता होता!"

"हं."

"आता हिचं सांगा." त्यानं दोरीला हिसका दिला. तिळी एक पाऊल पुढं आली आणि त्याच्या तोंडाकडं बघत बसली. "ही बी तसलीच झालीया. कुणीबी यावं, हळद लावावी, ही निघाली शेपूट घेऊन. परवापास्नं खोलीत कोंडून घातली. माझी बायको रडतीया, सोडा म्हंतीया. मी न्हाई सोडली. हिनं कुणाच्या हातचं खायाचं न्हाई. कुणाच्या म्हंजे कुणाच्या. ती इद्या सांगा. भरवसा शिकवायची सांगितली तशी काढायची सांगा."

"ती सोपी हाय."

"मग सांगा."

आक्का गुडघ्यावर हात देऊन उठली. आत गेली. बाहेर आली तेव्हा एका हातात देवाच्या पुढ्यातली भंडाऱ्याची वाटी होती, दुसऱ्या हातात तिची स्वतःची काठी.

"हात कर पुढं."

तिनं म्हाकूच्या उजव्या हाताला भंडारा चोळला. तळहाताला, बोटांच्या बेचक्यात, मनगटापर्यंत. आईनं लेकराच्या अंगाला चोळावा तसा. मग पदराच्या गाठीतनं भाकरीचा तुकडा काढून त्या पिवळ्या हातावर ठेवला. काठी डाव्या हातात दिली.

"बोलाव तिला. तोंड घालू दे. खायला लागली की नाकावर हाण."

"आं?"

"जीव खाऊन हाण. रगत आलं पायजे. शिकवायला तुला वरीस गेलं. पुसायला एक दणका लागतोय." ती पुन्हा पायरीवर बसली. "मग पिवळा हात दिसला की बिळात शिरंल. शिदूचा, माझा, तुझा, समद्यांचाच. जल्मात कुणी इष घालू शकणार न्हाई हिला."

"नक्की?"

"नक्की."

"तुम्हाला काय म्हाईत?"

आक्का त्याच्याकडं बघत राहिली. म्हातारीच्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. आटलेल्या आडासारखे होते ते.

"परकर नेसायच्या वयाची होते. बा मला ह्या पायरीवर घेऊन आला. अशीच हळद माखल्याल्या हातानं गूळ दिला. म्हणाला, खा ठके. मी खायला लागले. गूळ लई ग्वाड होता..."

"मग?"

"खाऊन मान वर केली तर बा पायऱ्या उतरत हुता. मला देवाला सोडलीया, हे मला दुसऱ्यांनी सांगितलं."

म्हाकूनं आपल्या पिवळ्या हाताकडं बघितलं.

"त्या दिसापास्नं मी कुणाच्या हातचं खाल्लं न्हाई. बघितलंस कवा खाताना?"

म्हाकूला आठवलं. बायका पुरणपोळ्या आणायच्या, वांग्याचं भरीत-भाकरी आणायच्या. आक्का सगळं घ्यायची, कपाळाला लावायची आणि कुत्र्यांना घालायची. गाव म्हणायचं, केवढी विरक्त बाई. म्हाकूही म्हणायचा. पाया पडायचा.

"आजारी पडले तरी न्हाई. मरणाची भूक लागली तरी न्हाई. कुणी मला फशिवलं न्हाई पुन्हा." आक्कानं सूप मांडीवर ओढलं. "इद्या खरी हाय, म्हाकू. हाण तू."

...

म्हाकूनं दोरी सोडली.

"तिळे."

तिला दुसरी हाक लागली नाही. शेपटासकट सगळं अंग हलवत ती आली. भाकरीचा तुकडा तिनं उचलला, चावला, गिळला. मग ती हात चाटायला लागली. तळवा चाटला. बोटांच्या बेचक्यांतली हळद चाटली. तिची जीभ पिवळी झाली.

म्हाकूनं काठी उचलली.

तिळीनं वर बघितलं. काठी बघितली, म्हाकूला बघितलं. पुन्हा हात चाटायला लागली.

"हाण," आक्का म्हणाली.

काठी तशीच वर.

"हाण की! मी बघत न्हाई." आणि तिनं खरंच तोंड देवाकडं फिरवलं.

म्हाकूच्या डोळ्यासमोर भुऱ्याचं तोंड आलं. पिवळ्या फेसातलं. दात आवळून त्यानं काठी आणखी वर नेली. आता. आता खाली आली की सुटली ही. मग हिला कुणी मारणार नाही. मग ही जगेल. कोपऱ्यात, अंधारात, भिंतीला अंग लावून, पण जगेल. म्हातारी होईपर्यंत जगेल.

तिळीनं चाटायचं थांबवलं आणि हनुवटी त्याच्या तळहातावर ठेवली. सगळा भार टाकून. डोळे मिटून.

म्हाकूनं मूठ सोडली.

काठी पायऱ्यांवरनं खडखडत खाली गेली. तिळी दचकली, आवाजाच्या दिशेनं दोन उड्या मारल्या, काठी हुंगली आणि परत आली.

म्हाकू पायरीवर बसला. हात तसाच पुढं. त्याच्यानं तो मागंही घेववेना.

"न्हाई हुत माझ्यानं, आक्का."

आक्काची पाठच होती. तिची मान थोडी हलली, एवढंच.

"म्हंजे... आता हिला मोकळीच सोडू?"

तिळी त्याच्या मांडीला टेकून बसली.

"आक्का, शिदू तिथंच हाय. त्याच्या दारात जाईन मी. बसंन. तो शिव्या घालंल, तरी बसंन. पर तेनं न्हाई ऐकलं तर? आन् तेनं ऐकलं, तरी दुसरा कुणी आसंल. चोर आसंल. वाटसरू आसंल. हात माखायला काय लागतंय?"

...

"बोला की, आक्का. उद्या हिलाबी कुणी घातलं तर?"

आक्का वळली. तिनं एक हळकुंड उचललं, उजेडाकडं धरून बघितलं आणि सुपात परत ठेवलं.

"तर रडायचं."