वयाची अट

गिरणीत दळण ठेवताना कानावर आलं, "व्यायामवर्गाला म्हणे वयाची अट..." पुढचं चक्कीच्या आवाजात बुडालं. शेजारच्या सुंदराक्कांची काठी त्र्याहत्तराव्या वर्षी त्या वर्गामुळेच सुटली होती.

सकाळी सोसायटीचे अध्यक्ष गांगल वर्गात आलेच. "साठीपुढची माणसं पडतात. जबाबदारी कोण घेणार?"

"माझी मी घेते, लिहून देते," आक्का म्हणाल्या. "बसा ना सतरंजीवर."

लिहून झालं. आक्का हात न टेकता उठल्या. पंचावन्नच्या गांगलांना मात्र मांडी मोडून उठताच येईना.

आक्कांनी हात पुढे केला. "साहेब, आम्ही पडू याची काळजी तुम्हाला. तुम्ही उठाल कसे, याची आम्हाला."

अट लागली खरी, गांगलांनीच लावली. पन्नाशीपुढच्या कुणीही वर्ग चुकवायचा नाही.