मादीवरचा आरोप

समुद्रकाठच्या एका गावात एक वृद्ध मत्स्यवैद्य राहत असत. लोक त्यांना तात्या म्हणत. शोभेच्या माशांचे आजार ओळखण्याची विद्या शिकायला शाल्मली नावाची शिष्या त्यांच्याकडे येऊन राहिली होती.

एकदा एक व्यापारी आपली काचेची टाकी घेऊन त्यांच्या दारी आला. टाकीत सिक्लिड या शोभेच्या जातीच्या बुटक्या माशांची जोडी होती. नराची शेपटी कुरतडल्यासारखी दिसत होती. मादी मात्र धडधाकट होती. दगडाला चिकटलेल्या अंड्यांवर ती पहारा देई, आणि नर जवळ आला की त्याच्या अंगावर धावून जाई.

"हीच चावते त्याला," व्यापारी म्हणाला. "नर माझा लाडका आहे. हिला फेकून द्या."

शाल्मली टाकीसमोर बसून राहिली. मादी वळली की तिला त्यात डाव दिसे. स्तब्ध राहिली की ती टपून बसल्यासारखी वाटे. संध्याकाळी शाल्मली म्हणाली, "तात्या, माझी खात्री पटली. मादीला वेगळी काढू या."

"मग अंडी कोण राखणार?" असं म्हणत तात्यांनी जखमी नरालाच जाळीत घेतलं आणि स्वच्छ पाण्याच्या वेगळ्या भांड्यात सोडलं. औषधाचा थेंबही घातला नाही.

"मार खाणारा कोंडायचा आणि मारणारी मोकळी?" शाल्मलीने विचारलं. तात्यांनी भांड्यावर झाकण ठेवलं. वयामुळे यांची नजर कमी झाली असावी, अशी शंका तिच्या मनात येऊन गेली.

पुढच्या एकदोन दिवसांत नराची शेपटी आणखी झडली. शाल्मली भांड्यावर वाकली. "तात्या, यात कुणी दुसरा मासा सोडला होता का?"

तात्यांनी तिच्या हाती भिंग दिलं. झडलेला काठ पांढुरका होता आणि त्याच्या मुळाशी लालसर रेषा उमटल्या होत्या.

"चावा असता तर एकटेपणी तो भरू लागला असता," तात्या म्हणाले. "ही सडण आहे, जिवाणूंची. ते पाण्यात असतातच. पाणी बिघडलं, मासा अशक्त झाला, की जोर धरतात. मादीला काढून ही जखम वाढली असती, तर तू म्हणाली असतीस, हिचंच जुनं पाप. नर मेला असता, तरी दोष तिच्याच माथी. तू मादीकडे इतकं निरखून पाहिलंस, पण जखमेकडे एकदा तरी पाहिलंस का?"

शाल्मलीने भिंग पुन्हा त्या काठावर धरलं.

तात्यांनी भांड्यात मोजून प्रतिजैविक दिलं, आणि नर हुशारला तरी ते मधेच थांबवलं नाही. टाकीच्या वाळूत कुजलेल्या खाण्याचा काळा थर निघाला. लाडक्यासाठी व्यापारी मूठमूठ खाणं टाकत असे. तो थर त्याने स्वतःच्या हातांनी उपसून काढला. शेपटीला नवा पारदर्शक काठ फुटला, तोवर पिल्लं आईमागून पोहू लागली होती.

काही महिन्यांनी एक गृहस्थ घाईघाईने आले. "शेजाऱ्याने माझ्या टाकीत विष कालवलंय," ते म्हणाले.

तात्या आत होते. शाल्मलीने भिंग हाती घेतलं.

"शेजाऱ्याचं मागाहून बोलू," ती म्हणाली. "आधी मासा दाखवा."