श्रीपततात्या आणि न आलेली मेल

डाळिंबाच्या बागांनी वेढलेल्या एका गावात मधमाश्या पाळणाऱ्यांचा संघ होता. श्रीपततात्या ढवळे त्याचे चिटणीस. बागेत औषध फवारायचे असले, की बागायतदारांच्या ऑफिसातल्या नलिनी कोरे आदल्या दिवशी तात्यांना मेल करायच्या. मग तात्या तिला उत्तर पाठवायचे, घरोघर निरोप द्यायचे आणि लोक आपापल्या मधमाश्यांच्या पेट्या दूर हलवायचे. या कामाचा आणि संघाच्या कॉम्प्युटरचा तात्यांना मोठा अभिमान होता.

एकदा लेकीकडे गेले असताना तिच्या फोनवरून त्यांनी मेलचा पासवर्ड बदलला. गावी परतल्यावर तो कॉम्प्युटरमध्येही बदलायला हवा होता, ते राहून गेले. कॉम्प्युटर जुनाच पासवर्ड सांगत राहिला आणि मेलचा सर्व्हर त्याला काही आत घेईना. पडद्यावर सारखी सूचनेची चौकट येई. तात्या ती न वाचताच बंद करत. नवी मेल दिसत नाही म्हणजे कोणी पाठवलेलीच नाही, असे ते धरून चालले.

आणि एका सकाळी संघातल्या पारूबाईच्या पेट्यांपुढे मेलेल्या माश्यांचा सडा पडला. शेजारच्या बागेत फवारणी झाली होती. त्या माश्या तिने स्वतः डोंगरात हिंडून धरून आणल्या होत्या, पोरांसारख्या जपल्या होत्या. ती मातीत बसून राहिली.

संघाची बैठक भरली. नलिनीबाईही आल्या.

“मी मेल केली होती,” त्या म्हणाल्या.

“आलेली नाही,” तात्या ताडकन म्हणाले. “चुकलात तर चुकले म्हणा. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही.”

लोकांनी तात्यांवर विश्वास ठेवला. कोणी नलिनीबाईंना निष्काळजी म्हणाले, कोणी त्याहून वाईट बोलले. त्या उठून गेल्या.

आपलेच खरे आहे याचा पुरावा काढायला तात्या संघाच्या ऑफिसात आले. पुन्हा तीच चौकट आली. या वेळी त्यांनी ती वाचली. पासवर्ड जुळत नाही, असे तिच्यात सरळ लिहिले होते. त्यांनी नवा पासवर्ड घातला. अडकलेल्या मेल भराभर येऊ लागल्या. त्यांत नलिनीबाईंचीही होती, फवारणीच्या आदल्या दिवशी सकाळी पाठवलेली.

तात्यांचे कान गरम झाले. त्यांनी हळूच मागे वळून पाहिले. खोलीत कोणी नव्हते. मेल पुसून टाकली तर कोणाला कळणार होते? बोट बटणापर्यंत गेले. मग त्या बोटाचीच त्यांना किळस आली आणि त्यांनी हात मागे घेतला.

ते पारूबाईकडे गेले. खाली मान घालून त्यांनी सगळे सांगितले.

पारूबाईने ते ऐकून घेतले. मग म्हणाली, “माश्या मी परत आणीन, तात्या. त्या बाईला चारचौघांत खोटं पाडलंत, ते आधी निस्तरा. माझ्याकडं नंतर या.”

तात्यांनी पुन्हा बैठक बोलावली. नलिनीबाईंनाही बोलावून घेतले आणि सगळ्यांसमोर ते उभे राहिले.

“मेल आली होती. मीच ती येऊ दिली नाही. नलिनीताई, माझं चुकलं.”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी नलिनीबाईच म्हणाल्या, “उत्तर आलं नाही तेव्हा मीही एक फोन करायला हवा होता.”

तात्यांना वाटले, नलिनीबाईंनी चार शब्द सुनावले असते तर सोसले असते. ज्या बाईवर आपण खोटेपणाचा शिक्का मारला, ती आपल्या चुकीतला वाटा स्वतःहून उचलत होती. त्यांना मान वर करता येईना.

तात्पर्य: दुसऱ्याला खोटे ठरवण्याआधी आपल्याकडचे काही बिघडले आहे का ते तपासावे, आणि चारचौघांत केलेल्या आरोपाची माफी चारचौघांतच मागावी.