सासूबाई नव्वदच्या वर

माळेगावात भिकाजी नावाचा एक भोळा गृहस्थ राहत होता. भोळा म्हणजे कसा, तर सांगितलेलं कधी विसरायचा नाही. सांगितलेलं कुठे वापरायचं, तेवढं मात्र त्याला कुणी सांगितलेलं नसायचं.

त्याच्या मुलीचं, मंजूचं लग्न झालं. पण लग्नाच्या चार दिवस आधी भिकाजीच्या सासूबाईंचा पाय मोडला. ज्या आजीने मंजूला लहानाची मोठी केली, ती लग्नाच्या दिवशी पाय प्लास्टरमध्ये घालून आपल्या घरी खाटेवर पडून राहिली. आता सोमवारी त्या मुलाकडे सुरतेला जाणार होत्या, त्या कायमच्याच. त्याआधी लग्नाची फिल्म तरी बघू दे, एवढंच त्यांचं मागणं होतं.

फिल्मचे तुकडे भिकाजीच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये होते. ते जोडायला कॉम्प्युटर साडेसहा तास मागत होता. आणि माळेगावात लाइट यायची सकाळी दहाला, जायची दुपारी चारला. एरवीचा काही भरवसा नव्हता. रोज थोडक्यासाठी राहून जायचं, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरू.

भिकाजीची बायको शेवंता म्हणाली, "अहो, त्या मनोहरभाऊंना बोलवा."

मनोहर तालुक्याला कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्याने येऊन मोठा पंखा बसवला आणि समजावलं, की प्रोसेसर हा कॉम्प्युटरचा मेंदू. कंपनी त्याला बेताच्या वेगाने चालवते, पण तो थोडा जास्त पळू शकतो. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. त्याने सेटिंगच्या पानावर छत्तीस हा आकडा दाखवला. हा वाढवला की वेग वाढतो, म्हणाला, आणि चहा पिऊन गेला.

भिकाजीने छत्तीसचे साठ केले. कॉम्प्युटर काळा पडला.

मनोहर परत आला. आतला छोटा सेल काढून, घालून त्याने कॉम्प्युटर शुद्धीवर आणला. "एकदम नाही रे वाढवायचं. एक आकडा वाढव, दहा मिनिटं थांब, तब्येत बघ. मग पुढचा."

भिकाजीने ते वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शेवंता गॅसवर दूध ठेवून अंगणात गेली. दूध वर आलं की गॅस कमी करा, असं सांगून गेली होती. दूध वर आलं. भिकाजीने गॅस एक केसभर कमी केला आणि घड्याळाकडे बघत दहा मिनिटं थांबला. मग तब्येत बघितली. दूध ओट्यावर होतं, ओट्याखाली होतं, भिकाजीच्या चपलेत होतं. फक्त पातेल्यात नव्हतं.

"वर येताना दिसलं की आधी बंद करायचं," शेवंता म्हणाली. "घड्याळ काय बघता?"

भिकाजीने तेही लिहून घेतलं.

बुधवारी आकडा चाळीसवर नेऊन फिल्म लावली. पडद्यावर हिरवी पट्टी चढू लागली. पन्नास. सत्तर. साडेतीनच्या सुमारास ब्याण्णव. भिकाजी तयारच होता. पट्टी अगदी काठापर्यंत आली, आता उतू जाणार, इतक्यात त्याने उडी मारून बटण बंद केलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

फोनवर मनोहरने काय झालं ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "भिकाजी, काम सुरू असताना हात लावायचा नाही. शंभर झाल्याशिवाय जागचं हलायचं नाही. समजलं?"

समजलं होतं. गुरुवारी शेवंताने पाण्याची मोटर लावून त्याला टाकीकडे लक्ष ठेवायला बसवलं. टाकी भरली. भिकाजी मांडीवर हात ठेवून बसून राहिला. पाणी पत्र्यावरून शेजारच्या द्वारकाकाकूंच्या अंगणात उतरलं. तिथे खाटेवर त्यांच्या कुरडया वाळत होत्या. तासाभराने काकू ओल्या कुरडयांचं ताट घेऊन आल्या तेव्हाही भिकाजी बसलेलाच होता. टाकीवर शंभर असं काही उमटलं नव्हतं.

काकूंनी टाकीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "तुझे शंभर व्हायला अख्खं धरण आणावं लागेल रे बाबा," म्हणाल्या आणि ताट त्याच्याच पुढ्यात ठेवून गेल्या.

शुक्रवारी हुरूप येऊन भिकाजीने आकडा बेचाळीस केला. आता प्रोसेसरचं तापमान चौऱ्याण्णव दिसू लागलं. या वेळी त्याने कशालाही हात न लावता आधी मनोहरला विचारलं. मनोहरला गहिवरून आलं.

"नव्वदच्या वर गेलं की धोका. मग काही विचार न करता मूळ स्थितीत न्यायचं. जिथून निघालो तिथं. आणि मग पुन्हा हळूहळू आणायचं."

भिकाजीने तसंच केलं. आकडा छत्तीसवर नेला, तिथून एकेक करत एक्केचाळीसवर आणून थांबवला. शनिवारी दहाला फिल्म लावली. तापमान अठ्ठ्याऐंशीला टेकून राहिलं. पावणेचारला शंभर झाले. चारला लाइट गेली, पण फिल्म तयार होती. शेवंताने त्याच्या हातावर साखर ठेवली. द्वारकाकाकूंनीसुद्धा कुरडया विसरून शाबासकी दिली.

रविवारी सकाळी यशवंताच्या रिक्षातून सासूबाई आल्या. त्यांना कॉम्प्युटरसमोर आरामखुर्चीत बसवलं, पायाखाली उशी दिली. शेवंता आळीतल्या बायकांना बोलवायला निघाली. जाता जाता म्हणाली, "आई उन्हातून आलीय. जरा ताप बघा तिचा."

भिकाजीने थर्मामीटर लावला. अठ्ठ्याण्णव.

शेवंता पंधरा-वीस बायका घेऊन परतली तर आरामखुर्ची रिकामी. भिकाजी नुकताच घाम पुसत आत येत होता.

"अहो, आई कुठेय?"

"मूळ स्थितीत नेलं," भिकाजी म्हणाला. "नव्वदच्या वर गेल्या होत्या. खाटेवर जशा होत्या तशा ठेवून आलो. उशीसुद्धा त्याच बाजूला."

बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. शेवंताला हसावं की रडावं कळेना. दुपारी चारला लाइट जाणार, उद्या आई जाणार. अठ्ठ्याण्णव म्हणजे ताप नव्हे, हेही सांगायचं तिला सुचलं नाही. ती एवढंच म्हणाली, "जा आणि आईला घेऊन या. लगेच."

भिकाजी गेला. सासूबाईंना रिक्षात बसवलं. पण एकदम आणायचं नाही, हे त्याच्या वहीत होतं. तो पहिल्या फाट्यावर थांबला. दहा मिनिटं झाली. तब्येत बघितली. अठ्ठ्याण्णव. रिक्षा मागे फिरवली, सासूबाईंना खाटेवर ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तिसऱ्या खेपेला यशवंता म्हणाला, "भिकाजीराव, ही सासू आहे की एसटीची फेरी?"

पाचव्या खेपेला तीन वाजून गेले होते. फाट्यावरच्या बाभळीखाली रिक्षा उभी होती. सासूबाईंनी तोंडातला थर्मामीटर स्वतःच काढून जावयाच्या हातात दिला आणि हळूच विचारलं, "जावईबापू, माझ्या मंजूचं लग्न आज बघायला मिळेल ना हो?"

भिकाजीने थर्मामीटर उन्हाकडे धरला, नीट वाचला, झटकला आणि मोठ्या मायेने म्हणाला, "मिळेल की, सासूबाई. फक्त तुम्ही तेवढं नव्वदच्या खाली या."