कोठारात घटणारं लाकूड

फार पूर्वी चंपानगरीवर सुतेज राजाची सत्ता होती. त्या वेळी बोधिसत्त्व एका व्यापारी कुळात जन्मले होते. त्यांचं नाव श्रीगुप्त. राजाच्या लोखंडाच्या भट्ट्यांना सरपण पुरावं म्हणून त्यांनी उजाड माळावर झाडं लावून वन वाढवलं. लाकूड तोडल्याबरोबर वनातच तोललं जाई आणि त्या तोलावर राजा मोल देई.

भट्ट्यांचा कोठारी पिंगल मात्र पार चक्रावला होता. कोठारातले ओंडके मोजावेत, तर एकही कमी नाही. तराजूत घालावेत, तर तोल घटलेला! चोरी म्हणावी, तर नेलं काय? नाही म्हणावं, तर गेलं कुठे? बिचाऱ्याची झोप उडाली. राजा जाब विचारू लागला, तेव्हा त्याने वनातून लाकूड आणणाऱ्या गाडीवान कुंडकाचं नाव सांगून टाकलं. कुंडकाचे बैल जप्त झाले.

"स्वामी, ओंडके पुरे आहेत ना?" कुंडक रडकुंडीला आला. "मग मी काय नुसतं वजन खाल्लं?"

"अरे बाबा, तेच तर मला कळत नाही!" पिंगल म्हणाला.

हे श्रीगुप्तांच्या कानी गेलं. त्यांनाही उलगडा होईना. त्यांनी नुकताच तोडलेला ओंडका पिंगलासमोर तोलला, कोठडीत ठेवला आणि किल्ली पिंगलालाच दिली. महिन्याने कोठडी उघडली, तर ओंडका हलका!

पिंगल त्याच्याभोवती फिरत राहिला. "कुलूप माझं, किल्ली माझी. मग चोर कोण, मीच?"

"पाणी उडून गेलं," श्रीगुप्त सावकाश म्हणाले.

"पण पाऊस तर केव्हाच सरला!"

"पावसाचं नव्हे. झाड मुळांनी पितं ते."

पिंगलाचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. "म्हणजे राजाने इतकी वर्षं पाण्याला लाकडाचं मोल दिलं? अहो श्रेष्ठी, हे कुठे बोलू नका! तुम्ही धुळीला मिळाल."

"आणि कुंडकाचे बैल?"

श्रीगुप्त तसेच दरबारात गेले आणि सगळं सांगून मोकळे झाले. जास्तीचं मोल फेडताना त्यांचं अर्धं वन गेलं. बैल कुंडकाच्या दारी परत आले. त्या दिवसापासून लाकूड वाळवूनच तोललं जाऊ लागलं. जे कुणी पकडलंच नव्हतं ते या माणसाने आपणहून का सांगावं, हे पिंगलाला काही केल्या उमगेना.

भिक्षूंना एवढं सांगून शास्ता, म्हणजे बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तो कुंडक म्हणजे विहाराला लाकूड आणून देणारा हा उपासक. श्रीगुप्त मीच होतो. आणि पिंगल म्हणजे हा तुमच्यातला सुदंत."

सुदंत भिक्षू गोंधळून म्हणाला, "पण भंते, अर्धं वन गेलंच ना?"

"गेलं," शास्ता म्हणाले. "म्हणूनच ती सत्यपारमिता, सत्याची परिपूर्ण साधना."